मुलाखत क्रमांक सदतीस

वर्षालीने पेन्सिलीने तिसरा परिच्छेद आडवा कापला, मग चौथा, आणि कागद फिरवून निरंजनसमोर सरकवला.

"हे सगळं जाणार?" त्याने विचारलं.

"जाणार नाही, मागे जाईल. जोडपत्रात."

"नमुना कसा निवडला तेच काढलं, तर आकड्यांवर विश्वास कोण ठेवेल?"

"सर, समितीत नऊ जण आहेत. त्यातले सात जण हा कागद खुर्चीवर बसल्यानंतर पहिल्यांदा बघणार. काय होतंय आणि आपण काय करायचं, एवढंच त्यांना हवं असतं. बाकीचं कुणी विचारलं तर तुम्ही आहातच."

निरंजन पाठारे सार्वजनिक आरोग्य शिकवायचा. तीन वर्षं तो चिखली, तळवडे, चाकणच्या लहान लहान शेडमध्ये हिंडला होता. प्रेसवर पत्रा दाबताना ज्यांची बोटं गेली त्यांना भेटला होता, त्यांच्या घरी बसला होता, चहा प्यायला होता. त्यातून एकशे अठरा पानांचा अहवाल तयार झाला होता आणि आता त्याची दोन पानं करायची होती. ते वर्षालीचं काम होतं. चिंचवड स्टेशनजवळ तिसऱ्या मजल्यावर तिचं केंद्र होतं. प्राध्यापकांचं संशोधन सरकारी टेबलापर्यंत न्यायचं, कुणाला कधी भेटायचं ते ठरवायचं, भेटीत काय बोलायचं ते घोटून घ्यायचं. सहा वर्षं ती हे करत होती. केंद्र चालवणाऱ्या सुमनताईंचा एकच नियम होता. आपण बाजू घेत नाही, आपण पोचवतो.

"सुरुवातीला एखादा माणूस बोलू द्या," वर्षाली म्हणाली. "आकडा नको. कुणीतरी स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं."

निरंजनने लॅपटॉप जवळ ओढला, थोडा वेळ शोधलं आणि वाचलं.

"मुलाखत क्रमांक सदतीस. 'सेन्सर चालू ठेवला की हात जवळ गेला रे गेला, प्रेस थांबतो. प्रेस थांबला की माल कमी पडतो आणि शेठ केबिनमधून बाहेर येतात. म्हणून शिफ्ट लागायच्या आधी मी सेन्सर बायपास करतो. कुणी सांगत नाही. सांगायला लागतच नाही.'"

वर्षालीने वर पाहिलं.

"कोण आहे हा?"

"चिखलीतला एक सुपरवायझर. नाव मी लिहूनच घेतलेलं नाही. कुणाचंच नाही."

"हे सगळ्यात वर घालू," ती म्हणाली आणि कोऱ्या कागदाच्या डोक्यावर चौकट आखली.

*

शेखर देवकुळे त्या समितीचे सदस्य-सचिव होते. प्रेस चालवणाऱ्या कारखान्यांसाठी नवे सुरक्षा नियम करायचे म्हणून समिती बसली होती आणि मसुदा लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. वर्षाली आणि निरंजन समोर बसलेले असताना त्यांनी आपल्या कार्यालयात दोन्ही पानं वाचली. मग पहिलं पान पुन्हा वाचलं, चौकटीवर बोट ठेवून.

शिपाई पाणी ठेवून गेला आणि जाताना दार ओढून घेतलं.

"ह्याचं पुढचं आहे?" देवकुळेंनी विचारलं. "हा माणूस अजून काय बोलला?"

निरंजनने वर्षालीकडे पाहिलं. तिने मानेनेच हो म्हटलं. साहेब स्वतःहून विचारताहेत, म्हणजे भेट चांगली चालली होती. निरंजन लॅपटॉप उघडून वाचायला लागला.

"'गेल्या वर्षी एका ऑपरेटरचं बोट गेलं. वयाने माझ्यापेक्षा मोठे. ओरडले नाहीत. रुमाल गुंडाळला, स्वतः चालत गाडीपर्यंत गेले. गाडीवर बसताना मला म्हणाले, साहेब, प्रेसची डाय पुसून घ्या, नाहीतर डाग बसेल. मी पुसली. दहा मिनिटांत लाइन चालू केली.'"

देवकुळे हलले नाहीत. वर्षाली वहीत त्यांच्या शंका टिपायला बसली होती. पान अजून कोरं होतं.

"'ज्या दिवशी कुणाचं बोट जातं त्या दिवशी मी घरी चमच्याने जेवतो. भाकरीसुद्धा आमटीत कुस्करून चमच्यानेच खातो. हाताने घास उचलवत नाही. घरी सांगितलंय, हाताला केमिकल लागतं म्हणून.'"

वर्षालीचं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. शाईचा ठिपका हळूहळू पसरला.

दिघीच्या घरात, स्वयंपाकघरातल्या लहान टेबलाशी, तिचा मोठा भाऊ समाधान चमच्याने जेवत असे. रोज नाही, कधीकधी. आई म्हणायची, एवढं साबणानं हात धुतोस, तरी केमिकल जात न्हाई का? तो हसायचा. मागच्या पंधरवड्यात एकदा. संक्रांतीनंतर लागोपाठ दोन दिवस. पावसाळ्यात… ती मोजायला लागली आणि थांबली.

"मॅडम, तुम्हाला बरं नाही का?" देवकुळेंनी विचारलं.

"नाही, ठीक आहे. एसी जरा जास्त आहे."

त्यांनी रिमोट उचलून दोन अंश वाढवले आणि निरंजनकडे वळले.

"डॉक्टर, मी स्पष्ट सांगतो. सेन्सर काढता येणारच नाही अशी रचना मालकाने करायची, असं कलम मला घालायचंय. उद्योजकांचे प्रतिनिधी म्हणतात, आम्ही सेन्सर देतो, कामगारच काढतात. तुमच्याकडे आकडे आहेत, पण आकड्याला उलटा प्रश्न विचारता येत नाही. हा माणूस मला समितीसमोर हवा."

"ते शक्य नाही. मी त्यांना शब्द दिलाय."

"मग 'मालकांनी योग्य दक्षता घ्यावी' एवढंच वाक्य राहील. एकोणीस वर्षं तेच आहे." ते रागावून बोलत नव्हते. थकल्यासारखे वाटत होते. "वीस तारखेला मसुदा वर जातो. बघा."

निरंजन जिना उतरला. फाटकापाशी येऊन थांबला.

"मी नंबर ठेवला नव्हता. ठेवला असता तरी दिला नसता." मग चष्मा काढून शर्टाला पुसत म्हणाला, "पण तुम्ही इथल्याच आहात. चिखलीत कुणाकडून तरी नुसता निरोप पोचला, तर… जबरदस्ती नाही. त्याला यायचं असेल तरच."

"बघते," वर्षाली म्हणाली.

*

गुरुवारी समाधानच्या शेडला सुट्टी असायची. वर्षालीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी घरी आली. समाधान गच्चीवर होता. कूलरच्या जाळ्या काढून त्यातलं जुनं गवत उपसत होता. कुंपणापलीकडे लष्कराच्या जागेत बाभळी उन्हात निश्चल उभ्या होत्या. तिकडे जायला कुणालाच परवानगी नव्हती.

वडील गेले तेव्हा समाधान बारावीत होता. परीक्षा झाल्यावर तो प्रेसवर उभा राहिला. वर्षाली एम.ए.पर्यंत शिकली. ह्या गोष्टीवर घरात कधी कुणी बोललं नव्हतं. समाधानला सुपरवायझर केलं तेव्हा आईने विहारात खीर वाटली होती.

"दादा, एक विचारू?"

"विचार की."

"तू चमच्याने का जेवतोस?"

त्याचे हात थांबले नाहीत. गवताचा एक पुंजका त्याने उपसला, दुसरा उपसला.

"आई काही बोलली का?"

"नाही. अहवालातून कळलं."

आता तो थांबला. जाळी भिंतीला टेकवली आणि टाकीच्या सावलीत खाली बसला.

"म्हणजे पोचलं," तो म्हणाला.

"काय पोचलं?"

"त्या सरांनी बोलायच्या आधी एक कागद दिला होता वाचायला. हा अहवाल कुणाकुणाला देणार, ते खाली लिहिलेलं. त्यात तुझ्या केंद्राचं नाव होतं. बाकीचे न वाचताच परत देत होते. मी वाचलं. म्हणून बोललो."

वर्षाली उभीच राहिली. पायाखालची गच्ची तापली होती.

"मला सरळ का नाही सांगितलंस?"

"तुला काय सांगू? तू बहीण आहेस. तू म्हणाली असतीस, नोकरी सोड. सोडली तर उद्या दुसऱ्या शेडमध्ये. तिथंही सेन्सर मीच काढणार." त्याने हातावरचं गवत झटकलं. "ते सर काही म्हणाले नाहीत. नुसतं लिहून घेतलं. बरं वाटलं."

आई जिन्यात आली आणि तिथूनच म्हणाली, "काय चाललंय बहीण-भावाचं एवढ्या उन्हात? खाली या की. आमाला का कळू नये?"

"येतो आई. कूलरचं बघतोय," समाधान म्हणाला. आई गेली.

वर्षाली त्याच्यासमोर उकिडवी बसली. येताना बसमध्ये तिने ठरवलं होतं की काहीच विचारायचं नाही. निरंजनला कळवायचं, माणूस सापडला नाही. पण आता तिने देवकुळेंची खोली, त्यांचं कलम, वीस तारीख, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी सांगणार आहे की तपास लागला नाही. तू काही करायचं नाहीस. तुला फक्त माहीत असावं म्हणून."

"आणि मग ते कलम?"

"होईल कधीतरी. दुसरं कुणीतरी सापडेल."

"कोण सापडेल?"

वर्षालीने खाली पडलेलं गवत गोळा करायला घेतलं.

"सोपानरावांनी डाय पुसायला सांगितलं ते वाचलंस ना," तो म्हणाला. "त्यांना वाटलं, मी शेठला घाबरतो, म्हणून माझी काळजी केली त्यांनी. बोट त्यांचं गेलेलं." तो उठला आणि जाळी पुन्हा हातात घेतली. "किती वेळ देतात बोलायला?"

"दादा, नको."

"किती देतात?"

"पाच मिनिटं," वर्षाली म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने निरंजनला फोन केला.

"ते यायला तयार आहेत. सर, तो माझा भाऊ आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"त्या खोलीत कळलं. तुम्ही वाचत होतात तेव्हा."

*

समितीच्या बैठकीत समाधान चार मिनिटं बोलला. वर्षालीने त्याला काही शिकवलं नव्हतं. इतरांना ती पहिलं वाक्य घोटून घ्यायला लावायची, हात टेबलावर ठेवायला सांगायची. ह्या वेळी मागच्या रांगेत बसून तिने फक्त त्याच्या इस्त्री केलेल्या पांढऱ्या शर्टाची पाठ पाहिली. आवाज शांत होता. त्याने सेन्सर कसा काढतात ते सांगितलं, तासाला किती पीस लागतात ते सांगितलं. ऑपरेटरचं नाव घेतलं नाही. चमच्याचं सांगितलं नाही.

उद्योजकांच्या वतीने बसलेले गृहस्थ पुढे झुकले. त्यांनी समाधानला आदराने 'भाऊ' म्हटलं.

"भाऊ, सेन्सर कोण काढतं?"

"मी काढतो."

"शेठनी तसं लेखी दिलंय?"

"नाही."

"तोंडी?"

"तोंडी पण नाही. तसं बोलावं लागत नाही."

"म्हणजे शेठना विचारलं तर ते म्हणतील, मी असं कधीच सांगितलं नाही. आणि ते खरं असेल."

"हो. खरं असेल."

"धन्यवाद. तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत."

देवकुळेंनी काहीतरी लिहिलं. निरंजन उठून बोलायला लागला, दबाव नुसता शब्दांतून येत नाही, उत्पादनाच्या उद्दिष्टातून येतो, त्याच्या अहवालात पान बहात्तरवर… अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि लेखी द्या म्हणाले.

मसुदा पुढच्या महिन्यात प्रसिद्ध झाला. हरकती आणि सूचनांसाठी तीस दिवस दिले होते. वर्षालीने तो ऑफिसच्या संगणकावर उघडला आणि कलम अकरापाशी थांबली. सुरक्षा सेन्सर निष्क्रिय केल्याचे आढळल्यास त्या पाळीच्या सुपरवायझरवर वैयक्तिक जबाबदारी निश्चित करण्यात येईल. मालकाविषयी पुढच्या कलमात एक ओळ होती. मालकांनी योग्य दक्षता घ्यावी.

सुमनताई तिच्या टेबलापाशी आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मनापासूनचा आनंद होता.

"अकरा वर्षांत पहिल्यांदा, वर्षाली. आपण नेलेल्या कागदावरून नियमात कलम आलं. वार्षिक अहवालात हे हवं. दोन पानं, तुझ्याच शब्दांत."

"ताई, कलम उलटं झालंय."

सुमनताई खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी कलम वाचलेलं होतं.

"मला दिसतंय. तुझ्या भावाचंही मला कळतं. पण सेन्सर हा शब्द तरी पहिल्यांदा आलाय. पुढच्या वेळी मालकापर्यंत जाऊ. आत्ता आपण हरकत घेतली तर देवकुळे पुन्हा दार उघडणार नाहीत. आपल्याकडे पाण्याचा अभ्यास आहे, बालवाडीचा आहे. ते कुठून पुढे नेणार?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. वर्षालीने स्वतः अनेक प्राध्यापकांना हेच सांगितलं होतं, ह्याच टेबलावर.

पुढच्या गुरुवारी समाधान तिला केंद्रात सोडायला दुचाकीवर निघाला. कामावरून त्याला कुणी काढलं नव्हतं. शेठनी एक शब्दही विचारला नव्हता. त्याने तळवड्यात दोन ठिकाणी विचारून पाहिलं होतं, पण समितीत बोललेला सुपरवायझर म्हणून तिथं आधीच नाव पोचलं होतं. पुनावळ्याच्या पुढे हायवेलगत एक नवीन शेड उघडत होती, तिथूनही फोन आला नाही. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो मान न वळवता म्हणाला, "आता एक रजिस्टर ठेवलंय. शिफ्ट लागायच्या आधी माझी सही घेतात. सेन्सर जोडलेला आहे अशी."

"अजून नियम झाला नाही, तरी?"

"मसुदा आला ना. शेठ हुशार आहेत."

"आणि सेन्सर जोडलेला असतो?"

पुढचा टेम्पो हलला. समाधानने गियर टाकला.

"सही असते," तो म्हणाला.

*

वर्षालीने रजा टाकली. कारण 'वैयक्तिक' लिहिलं. देवकुळेंच्या कार्यालयात तळमजल्यावर आवक शाखा होती. तिथे बसणाऱ्या शालनबाई तिला सहा वर्षं ओळखत होत्या.

"या मॅडम. आज कुणाचं संशोधन?"

वर्षालीने अर्ज पुढे केला. शालनबाईंनी पहिलं पान उलटून पाहिलं, मागचं पाहिलं.

"केंद्राचं पत्र राहिलं का सोबत?"

"नाही. हे केंद्राचं नाही."

"मग कुणाचं?"

"माझं."

शालनबाईंनी चष्मा नाकावर ओढला. नाव होतं, पत्ता होता, कलम अकरा लिहिलेलं होतं, हरकत एका पानात सरळ मांडलेली होती. एक रकाना मात्र रिकामा होता. हरकत घेणाऱ्याचा विषयाशी संबंध. त्यापुढे छापलेले पर्याय होते, कारखानदार, कामगार संघटना, संशोधक, स्वयंसेवी संस्था, इतर.

"हे भरा. रिकामं ठेवलं की वरून परत येतं."

वर्षालीने हा रकाना इतरांसाठी कितीतरी वेळा भरला होता. 'संशोधक'वर खूण केली असती तर अर्ज नीट वाचला गेला असता. तिने पेन घेतलं. 'इतर'वर खूण केली आणि पुढे बारीक अक्षरात लिहिलं, ज्याच्या जबाबावरून हे कलम झाले त्याची बहीण.

शालनबाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"रकान्यात मावलं नाही, मॅडम. खालच्या ओळीवर गेलंय."

"जाऊ द्या."

शालनबाईंनी रजिस्टर उघडलं. मग शिक्का शाईच्या गादीवर दाबला, दोन्ही प्रतींवर उमटवला आणि तिची प्रत तिच्या हातात दिली.

"कलमनिहाय क्रमांक लिहून घ्या. कलम अकरा, हरकत क्रमांक एक."

"एक?"

"पहिलीच आहे."

"मुदत कधी संपते?" वर्षालीने विचारलं. तारीख तिला पाठ होती.

"उद्या, साडेपाचला," शालनबाई म्हणाल्या आणि रजिस्टरचं पान तसंच उघडं ठेवलं.